न्हाणीतला दांडा

माझ्या सासूबाई त्यांच्या गावी, सोनाळ्याला, न्हाणीत पडल्या, तेव्हा त्यांनी आधी बादली सरळ केली. खुब्याचं हाड मोडलेलं होतं, उठता येत नव्हतं, आणि हाक ऐकून शेजारीण धावत येईपर्यंत त्या आडव्या पडून बादलीची कडी धरून होत्या. पुढे दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कशा पडलात, तर त्यांनी हेच सांगितलं.

"पानी वाया जाऊन राह्यलं होतं," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं नाही.

ऑपरेशन बुलढाण्याला झालं, कारण आम्ही बुलढाण्याला राहतो. घरी सोडताना डॉक्टरांनी मला आणि नवऱ्याला सगळं समजावून सांगितलं. उकिडवं बसायचं नाही. मांडी घालायची नाही. वॉकर घेतल्याशिवाय उठायचं नाही. आणि काहीही झालं तरी पडायचं नाही. सासूबाई पलंगावरून ऐकत होत्या.

"म्हंजे मांगच्या टायमाले मी हौसेनं पडली काय?" त्यांनी विचारलं.

त्यांचा आणि माझा संबंध तोवर दिवाळीपुरता होता. मी मूळची देऊळगाव राजाकडची, जालन्याला लागून असलेल्या गावातली. आमच्या बोलण्यात "मला" आणि "कशाला" असतं, त्यांच्यात "मले" आणि "काऊन". लग्नानंतर पहिल्यांदा सोनाळ्याला गेले तेव्हा मी पाणी मागितलं आणि चुलीपाशी बसलेल्या सगळ्या बाया हसल्या. मी काय चुकीचं मागितलं ते मला कुणी सांगितलं नाही. त्यानंतर मी तिथे कमी बोलायला लागले, आणि ही सून घुमी आहे असं सासूबाईंनी ठरवून टाकलं. दिवाळीला त्या बुलढाण्याला यायच्या, इथे थंडी फार आहे म्हणायच्या, आणि भाऊबीज झाली की घाट उतरून परत जायच्या. आता त्यांना आमच्याकडे राहायचं होतं, ते किती दिवस, हे त्यांच्या हाडावर अवलंबून होतं.

आमचं घर लहान आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागच्या बाजूला संडास-बाथरूम एकत्र. नवरा औषधांच्या कंपनीत फिरतीवर असतो, रविवारी घरी सापडतो. मी एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करते. सासूबाई घरी आल्या त्या दिवशी मी बाथरूमकडे त्यांच्या नजरेनं पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं की तिथे धरण्यासारखी एकच वस्तू आहे, ती म्हणजे नळ. तोही हलत होता.

"मिस्त्रीला सांगतो," नवरा म्हणाला, आणि त्यानं खरंच सांगितलं. मिस्त्री उद्या येतो म्हणाला. दुसऱ्या दिवशीही त्यानं उद्या येतो म्हटलं, आणि ते इतक्या आपुलकीनं म्हटलं की त्याच्यावर रागावता येईना. तोवर बाथरूममध्ये मी वाकायचे आणि सासूबाई माझा खांदा धरायच्या. त्या लहानखुऱ्या आहेत, पण त्यांच्या हातात कापूस वेचून आलेली ताकद आहे. संध्याकाळी ऑफिसात टाइप करताना माझा डावा हात उजव्याच्या मागे पडायला लागला. वकीलसाहेबांनी एका अर्जात अक्षरं गळालेली दाखवली. मी म्हटलं, खांदा दुखतो. ते म्हणाले, दांडा बसवून घ्या. दांडा कुठे बसवायचा हे त्यांना कळलं होतं, कारण त्यांच्या आईचंही तेच झालं होतं.

मी बाजारातून स्टीलचा दांडा आणला. दोन्ही टोकांना चकत्या, चकत्यांना भोकं, सोबत स्क्रू आणि प्लास्टिकचे प्लग. मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस भिंतीला भोक पाडून, प्लग ठोकून, दांडा बसवून, हात झटकून मोकळा होत होता. त्याचा शर्टही मळत नव्हता. मला वाटलं, हे मला जमेल. फक्त ड्रिल मशीन हवं होतं.

ड्रिल मशीन आमच्या गल्लीत एकाकडेच होतं. समोरच्या घरात उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक सर राहतात. त्यांच्याकडे पान्हे, पकडी, करवती, रंधा, सगळं आहे, आणि ते एका लाकडी पेटीत प्रत्येक वस्तू कापडात गुंडाळून ठेवलेलं असतं. गल्लीत कुणाचं काही बिघडलं की सर पेटी घेऊन येतात. पेटी उघडतात. मग मिस्त्रीला बोलवा असं सांगतात. मला हे ठाऊक होतं, पण मला सरांची गरज नव्हती, मशीनची होती.

"मशीन हाय," सर म्हणाले. "पन मशीन एकटी कुठी जात नाही. मी येतो संगं."

सरांच्या बायकोनं आतून सांगितलं, "त्यायले भिंतीले हात नका लावू देऊ. आमच्या घरी घड्याळ लावाले गेले होते."

मी भिंतीकडे पाहिलं. घड्याळ टेबलावर होतं.

रविवारी सकाळी आम्ही कामाला लागलो. आम्ही म्हणजे मी आणि सर. नवरा खुर्ची घेऊन बाथरूमच्या दारात बसला होता आणि आम्हाला जपून करा असं सांगत होता. सासूबाई पलंगावर डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या पलंगावरून बाथरूमचं दार सरळ दिसतं.

"काय करून राह्यले रे हे?" त्यांनी मुलाला विचारलं.

"दांडा बसवतेत आई. तुला धरायला."

"मले धराले ही हाय ना," त्या म्हणाल्या. ही म्हणजे मी.

व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे मी फरशीवर चिकटपट्टी लावली, पेन्सिलनं खूण केली. दांडा किती उंचीवर लावायचा, तर मी स्वतः उभी राहून हात पुढे केला, तो जिथे भिंतीला लागला तिथे. मशीन मी धरलं, वायर सरांनी धरली. पहिलं भोक फरशीला तडा न जाता पडलं. सर म्हणाले, "माशाल्ला." मला इतका आनंद झाला की दुसरं भोक मी जरा जोरात पाडलं. मशीन आत गेलं, मग एकदम हलकं झालं, आणि भिंतीतून पाण्याची धार माझ्या तोंडावर आली.

नळाची पाइप कुठून गेली आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आता सगळ्यांना कळलं.

नवरा गच्चीवर पळाला, टाकीचा कॉक बंद करायला. कॉक घर बांधल्यापासून कुणी फिरवला नव्हता. तो फिरला नाही. नवऱ्यानं वरून ओरडून विचारलं की पकड आहे का. सर पेटी आणायला गेले. ती येईपर्यंत मी भोकावर बोट दाबून उभी होते. बोट दाबलं की धार थांबायची नाही, बारीक व्हायची आणि लांब जायची. ती दारातून बाहेर, नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीवर पडत होती.

सरांनी पकड कापडातून सोडवली. कॉकचा दांडा तुटला.

बुलढाण्याला नळाला पाणी कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही. टाकी भरलेली असणं ही आमच्याकडे श्रीमंती आहे. सासूबाईंनी पलंगावरून सगळं पाहिलं होतं आणि आता त्यांनी सूत्रं हातात घेतली.

"टाकी तशीबी जातेच हाय," त्या म्हणाल्या. "गल्लीतल्या बायायले हाका मारा. म्हना, बादल्या आना."

नवऱ्यानं गच्चीवरूनच हाक मारली. बायका आल्या. स्वयंपाकघराचा नळ, बाहेरचा नळ, सगळे सोडले. कुणी हंडे आणले, कुणी पिपं. एका बाईंनी ब्लँकेट धुवायला आणलं आणि आमच्या अंगणातच धुतलं. सासूबाई पलंगावरून विचारत होत्या, कोणाची कोण, माहेर कुठलं, आणि थोड्या वेळात त्यांना गल्लीतल्या इतक्या बायका नावानिशी माहीत झाल्या जितक्या मला इतक्या वर्षांत झाल्या नव्हत्या. टाकी रिकामी झाली, धार थांबली, मी बोट काढलं. बोट पांढरं पडलं होतं.

मिस्त्रीला फोन केला. तो उद्या येतो म्हणाला.

मी पाइपच्या दुकानात गेले. दुकानदाराला सांगितलं, पाइपला भोक पडलं आहे.

"कोनं पाडलं?"

"मीच."

त्यानं मान हलवली आणि समोर एक तुकडा, दोन जोड आणि चिकटवायचा डबा ठेवला. भोकाच्या दोन्ही बाजूंनी पाइप कापायची, मध्ये नवा तुकडा घालायचा, जोड चिकटवायचे, आणि सुकेपर्यंत पाणी सोडायचं नाही. एवढंच होतं. पण पाइप कापण्यासाठी ती उघडी करायची, आणि उघडी करण्यासाठी फरशी फोडायची. फोडण्याचं काम सरांनी मागून घेतलं. मी नको म्हणू शकले नाही, त्यांची करवत मी वापरणार होते. त्यांनी एक फरशी फोडायला घेतली आणि शेजारचीही फुटली. पण ती इतकी व्यवस्थित फुटली की काम सोपं झालं. पहिला जोड मी चुकीच्या बाजूनं चिकटवला आणि तो कापून टाकावा लागला. दुसरा बसला. कॉक मात्र नवऱ्यानं बदलला, आणि बदलून झाल्यावर बराच वेळ गच्चीवरच थांबला.

बायकांनी भरून नेलेल्या काही बादल्या परत आणून टाकीत ओतल्या. पाणी सोडलं तेव्हा आम्ही तिघंही भिंतीकडे बघत उभे होतो. काही झालं नाही. भिंत कोरडी राहिली. मला रडू आलं, म्हणून मी नळ सोडून तोंड धुतलं.

फुटलेल्या फरशीच्या जोडीची फरशी बाजारात मिळेना. सरांकडे त्यांच्या स्वयंपाकघरातून उरलेल्या होत्या, गुलाबाच्या. त्या लावल्या. आमच्या बाथरूमला सगळीकडे निळसर फरशी आहे आणि नळाच्या वर दोन गुलाब आहेत.

दांडा अखेर पलीकडच्या भिंतीवर, तितक्याच उंचीला, बसला, जिथून कुठलीच पाइप गेलेली नाही. हे मी आधी नीट पाहून घेतलं. स्क्रू आवळले, धरून ओढून पाहिलं, नवऱ्यानं लोंबकळून पाहिलं. दांडा हलला नाही. मी सासूबाईंना वॉकरवर तिथपर्यंत आणलं आणि म्हटलं, "आई, धरा."

त्यांनी दांड्याकडे पाहिलं. मग गुलाबांकडे पाहिलं. मग माझा खांदा धरला.

"आई, दांडा धरा."

"निघून आला तं?"

"नाही येणार."

"तू म्हनतं."

दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, तेच. वॉकर दारापर्यंत, पुढे माझा खांदा. दांडा शेजारी चकाकत होता. मी त्यावर टॉवेल वाळत घालायला लागले. ही गोष्ट सरांच्या कानावर गेली, कारण सासूबाईंनी स्वतःच खिडकीतून त्यांच्या बायकोला सांगितली. सर आले. त्यांनी चपला काढल्या, बाथरूममध्ये गेले, दांडा दोन्ही हातांनी धरला आणि गुडघे वाकवून सगळं वजन त्यावर टाकलं. सर अंगानं भारदस्त आहेत.

"पाहा आजी," ते तसेच लोंबकळत म्हणाले. "हाय का हलून राह्यला?"

सासूबाईंनी पदर सावरला. "मास्तर, तुम्ही नाही पडले म्हनून मी नाही पडनार, असं कुठी हाय?"

सर दांडा सोडून उभे राहिले आणि चहा पिऊन गेले.

माझी चिडचिड व्हायला लागली होती. मला वाटायचं, त्यांना मुद्दाम माझा खांदा हवा आहे. दिवाळीपुरत्या सासूशी माणूस गोड राहू शकतं. रोज सकाळी जिचा हात आपल्या खांद्यावर पडतो, तिच्याशी गोड राहणं वेगळं. मी भांडी जरा मोठ्यानं ठेवत होते. त्यांना ऐकू जात होतं. त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या.

मग एके दिवशी ऑफिसात काम वाढलं. तारीख होती, वकीलसाहेबांना कागद त्याच दिवशी हवे होते. एरवी मी दुपारी जेवायला घरी यायचे, तेव्हाच त्यांना बाथरूमला न्यायचे. सरांच्या बायकोला फोन केला, तर त्या रोहिणखेडला बहिणीकडे गेलेल्या. मग सरांना फोन केला. ते म्हणाले, मी जाऊन विचारतो, पण बाईमाणसाला कसं विचारायचं ते त्यांना कळेना. ते आमच्या दारापर्यंत गेले, आजी बऱ्या आहात ना म्हणाले, सासूबाई हाव म्हणाल्या, आणि सर परत आले.

मी घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. रस्ताभर माझ्या डोळ्यांसमोर त्या फरशीवर पडलेल्या दिसत होत्या. दार उघडलं. सासूबाई पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. वॉकर बाथरूमच्या दाराशी होता, जिथे तो आत जाताना ठेवतात तिथे. टॉवेल दांड्यावरून काढून खुंटीला अडकवलेला होता, आणि त्यांचं लुगडं बदललेलं होतं.

मी वॉकर उचलून पलंगापाशी आणला. दारापासून पलंगापर्यंत त्या भिंत धरून आल्या असणार. रागवावं की काय करावं ते मला कळेना. मी समोर बसून लसूण घेतला.

सोलता सोलता त्या म्हणाल्या, "दांडा उच्चा हाय."

"काय?"

"उच्चा लावला तू. हात वर न्या लागते. हात वर नेला का कंबर ओढते. धरू कशी?"

मी लसूण सोलत राहिले. इतके दिवस मला वाटत होतं, त्यांचा दांड्यावर विश्वास नाही. दांडा मी माझ्या हाताच्या उंचीवर लावला होता, आणि त्या माझ्या खांद्याइतक्याही नव्हत्या; खांदा द्यायला मी वाकत होते, दांडा वाकत नव्हता.

"आधी काऊन नाही सांगितलं?" मी विचारलं. बोलल्यावर मला कळलं की मी काय बोलले. त्यांनाही कळलं, पण त्या हसल्या नाहीत.

"तुम्ही येवढी मेहनत केली. टाकी सांडली, मास्तर लटकले. त्याच्यावर कसं सांगू, का उच्चा हाय म्हनून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना बाथरूममध्ये भिंतीपाशी उभं केलं. एका हातानं वॉकर, दुसरा हात मोकळा. म्हटलं, डोळे मिटा, आणि पडायला झालं तर हात जिथे जाईल तिथे ठेवा. त्यांनी डोळे मिटले. हात भिंतीवर गेला, आधी थोडा वर, मग खाली, मग थांबला. मी खाली बसून त्यांच्या तळहाताच्या कडेनं पेन्सिल फिरवली. त्यांचा हात लहान होता आणि बोटांच्या पेरांवर चिरा होत्या. त्यांनी डोळे उघडून भिंतीवरचा हात पाहिला.

"लहान लेकरावानी काढला," त्या म्हणाल्या.

दांडा तिथे आणला. या वेळी सर आले नाहीत, त्यांनी मशीन पाठवून दिलं. त्यांच्या बायकोनं सांगितलं, कंबर दुखते त्यांची, लोंबकळल्यापासून. जुनी भोकं मी पांढऱ्या सिमेंटनं बुजवली. सासूबाईंनी त्या दिवसापासून माझा खांदा सोडला. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी सवयीनं त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि त्या म्हणाल्या, "सरक, मले जाऊ दे."

मग मला कामाची चटकच लागली. पलंगाच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे दिले, म्हणजे उठताना खोल जावं लागणार नाही. बाथरूमच्या उंबऱ्याला सिमेंटचा उतार केला. तो ओला असताना खराट्याच्या काड्यांनी रेघा ओढल्या, पाय घसरू नये म्हणून. संडासावर ठेवायला आणलेल्या कमोडच्या खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता, त्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला. नवरा दर रविवारी येऊन काय नवीन झालं ते पाहायचा आणि जपून करा म्हणायचा. मिस्त्री एकदा खरंच आला. त्यानं सगळीकडे फिरून पाहिलं आणि विचारलं, हे कोणी केलं. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही उद्या येनार होते ना, तेच्या आंधीच झालं."

पाय बरा झाला तशा सासूबाईंना सोनाळ्याची आठवण यायला लागली. नवरा म्हणाला, आता इथेच राहायचं. त्यांनी पिशवीत लुगडी भरून ठेवली. मी नवऱ्याला म्हटलं, त्यांचं घर आहे, त्यांची बकरी आहे, त्यांच्या बाया आहेत. इथे काय आहे? दोन गुलाब.

"पुन्हा पडली तर?"

"तिथली न्हाणी आधी नीट करते. मग त्या एकट्या राहतील."

सोनाळ्यासाठी मागितलेलं मशीन द्यायला सर आले तेव्हा मी त्यांना संगं येता का विचारलं. त्यांनी कंबरेला हात लावला. "मशीनले घेऊन जा," ते म्हणाले. "तिनं सोनाळा पाह्यलं नाही."

मशीन मांडीवर घेऊन मी सासूबाईंसोबत घाट उतरले. आदल्या दिवशी नवरा पुढे गेला होता, संडासावर कमोड बसवून घ्यायला. ते काम मात्र गावातल्याच गवंड्यानं केलं, आणि तो सांगितल्या दिवशी आला.

सोनाळ्याची न्हाणी घराच्या मागे आहे. तीन बाजूंनी मातीची भिंत, वर मोकळं आभाळ, एका बाजूला लाकडी दार, खाली दगडी फरशी. मी मशीन लावलं. भिंतीत भोक पडलं आणि त्यातून माती गळायला लागली. प्लग ठोकला, तो बोटानं बाहेर आला. त्या भिंतीत स्क्रू धरण्यासारखं काही नव्हतंच. ड्रिल मशीन घाट उतरून जे काम करायला आलं होतं, ते काम तिथे नव्हतं. मी ते कापडात गुंडाळून फडताळात ठेवलं.

मग जमिनीत खांब रोवायचं ठरवलं. लोखंडी पाइप आणली, सब्बलीनं दगड उपसून खड्डा केला, सिमेंट, वाळू, गिट्टी कालवून आत पाइप उभी केली. ओळंबा नव्हता, म्हणून दोरीला कुलूप बांधून सरळ आहे का ते पाहिलं. सासूबाई बाजेवर बसून दोरीकडे बघत होत्या.

"आता सुकेपर्यंत कोणी हात लावायचा नाही," मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. मी त्यांना विटांच्या चुलीवर पाणी तापवून खोलीतच अंग पुसून दिलं आणि चहा करायला गेले.

त्यांची बकरी इतके दिवस शेजारणीकडे होती. शेजारीण तीच, जी हाक ऐकून धावत आली होती. सासूबाई परत आल्या म्हणून ती आनंदानं बकरी घेऊन मागच्या दारानं आली, आणि बांधायला जागा शोधली, तर न्हाणीत नवाकोरा खांब. तिनं बकरी त्याला बांधली आणि सासूबाईंच्या गळ्यात पडली. दोघी रडत होत्या. मी चहा घेऊन आले तेव्हा बकरी दोर ताणून अंगणातल्या तुरीच्या काड्यांपर्यंत पोचायचा प्रयत्न करत होती आणि खांब तिच्या बाजूला कलला होता.

मी बकरी सोडली. खांब परत सरळ करायला गेले, तर सिमेंट अर्धवट धरलेलं, आता हलवलं तर फुटलं असतं. म्हटलं, उद्या काढून परत करते. शेजारीण तोंडाला पदर लावून उभी होती. तिनं स्वतःच सब्बल आणून ठेवली.

माझंही उद्या-उद्या होत दोन दिवस गेले, आणि सासूबाई वॉकर घेऊन न्हाणीत आल्या. न्हाणीघरातल्या दगडावर आता प्लास्टिकची उंच खुर्ची ठेवली होती. त्या खुर्चीत बसल्या. हात पुढे केला. खांब त्यांच्या बाजूला कललेला होता, वाकायला न लागता हातात येत होता. त्यांनी तो धरला, उठल्या, परत बसल्या, परत उठल्या.

"हा काढू नको," त्या म्हणाल्या.

"तिरका आहे तो."

"म्हनूनच तं बरा हाय. सरळ असता तं मले वाकाव लागलं असतं." त्यांनी शेजारणीकडे पाहिलं. "बकरीनं माप घेतलं."

मी खांबाच्या बुडाशी दगड ठोकून आणखी सिमेंट भरलं, आणि तो होता तसाच पक्का केला.

माझ्या निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी आंघोळीचं पाणी काढायला सांगितलं. मी बादली भरून खुर्चीजवळ ठेवली, त्यांना आत सोडलं आणि दार लोटलं. आत जायची गरज नव्हती. मी बाहेर ओट्यावर बसले. शेजारीण पण येऊन बसली. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. शेजारणीनं माझ्याकडे पाहिलं. मी उठले नाही. मग तांब्या बादलीत बुडाल्याचा आवाज आला आणि पाणी दगडावर पडलं, आणि थोड्या वेळानं परत पडलं.

"साबन इथीच राह्यला वो," शेजारीण हळूच म्हणाली. साबण माझ्या शेजारी ओट्यावर होता.

मी दार थोडं उघडून हात आत घातला. त्यांनी साबण घेतला, आणि दार आतून लावून घेतलं.